प्रिंटर थांबला की रांग अडली? आज्ञा टंकून स्थिती तपासण्याची रीत

छपाईचे बटण दाबूनही कागद बाहेर येत नाही, तेव्हा बहुतेक जण तेच बटण पुन्हा दाबतात. काही वेळाने कुणीतरी प्रिंटरची अडचण दूर करतो आणि एकाच अर्जाच्या चार-पाच प्रती ओळीने बाहेर पडतात. घरी असे झाले, तर वाया जातो तो केवळ कागद. विद्यापीठातील किंवा कार्यालयातील सामायिक प्रिंटरवर मात्र पारपत्राची प्रत, करविवरणपत्र किंवा व्हिसाची कागदपत्रे संबंधित व्यक्ती घरी गेल्यानंतर भलत्याच्या हाती लागू शकतात. परदेशस्थ कुटुंबांच्या छपाईत अशाच कागदांचा भरणा अधिक असल्याने ही बाब किरकोळ मानता येत नाही.

हा धोका टाळण्याचा मार्ग सोपा आहे. अडलेला प्रिंटर पुन्हा सुरू करण्यापूर्वी रांगेत काय साचले आहे ते पाहावे आणि नको असलेली कामे आधी रद्द करावीत. त्यासाठी लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्ही प्रणालींत टंकून देण्याच्या आज्ञा उपलब्ध आहेत. येथे त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत आणि वेगळे सांगितले नसेल तेथे लहान अक्षरांत टंकाव्यात.

दोन परंपरा, एक यंत्रणा

लिनक्स व मॅकवर छपाईचा कारभार ‘कप्स’ ही यंत्रणा पाहते. ती 1999 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि 2002 मध्ये ॲपलने आपल्या संगणकप्रणालीत तिचा स्वीकार केला. युनिक्सच्या दोन जुन्या शाखांमध्ये छपाईच्या आज्ञा वेगवेगळ्या होत्या. बर्कली शाखेत ‘एलपीआर’, ‘एलपीक्यू’ व ‘एलपीआरएम’, तर सिस्टिम फाइव्ह शाखेत ‘एलपी’, ‘एलपीस्टॅट’ व ‘कॅन्सल’. कप्सने दोन्ही संच सांभाळले. त्यामुळे एकाच कामासाठी आजही दोन-दोन आज्ञा आढळतात आणि त्यांपैकी कोणतीही वापरता येते.

तीन वेगळे प्रश्न

‘प्रिंटर चालत नाही’ या एका तक्रारीत तीन प्रश्न दडलेले असतात.

पहिला प्रश्न: छपाईची यंत्रणा चालू आहे का? ‘एलपीस्टॅट -आर’ या आज्ञेने ते कळते. यंत्रणाच बंद असेल, तर पुढील तपासणीला अर्थ उरत नाही.

दुसरा प्रश्न: रांग नवी कामे स्वीकारते आहे का? याचे उत्तर ‘एलपीस्टॅट -ए’ देते.

तिसरा प्रश्न: स्वीकारलेली कामे प्रिंटरकडे जात आहेत का? त्यासाठी ‘एलपीस्टॅट -पी’ द्यावी. उत्तरात ‘आयडल’ म्हणजे रिकामा, ‘नाऊ प्रिंटिंग’ म्हणजे छपाईत गुंतलेला आणि ‘डिसेबल्ड’ म्हणजे थांबवलेला, असे शब्द दिसतात.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांतील भेद महत्त्वाचा आहे. प्रिंटर थांबलेला असतानाही रांग कामे स्वीकारत राहू शकते. पडद्यावर कोणतीही तक्रार उमटत नाही, प्रत्येक नवे काम आधीच्या कामामागे उभे राहते आणि प्रिंटर सुरू होताच सारी रांग छापली जाते. पुन्हा पुन्हा दाबलेल्या बटणाच्या प्रती येतात त्या येथून.

सर्व माहिती एकत्र हवी असल्यास ‘एलपीस्टॅट -टी’ पुरेशी आहे. नेमून ठेवलेला मुख्य प्रिंटर कोणता, हे ‘एलपीस्टॅट -डी’ सांगते. अनेकदा बिघाड काहीच नसतो; घरून कामावर आणलेल्या लॅपटॉपवरून कागद घरच्याच प्रिंटरच्या नावे पाठवला गेलेला असतो.

रांगेत कोण उभे आहे?

नुसती ‘एलपीस्टॅट’ ही आज्ञा वापरकर्त्याची स्वतःची प्रलंबित कामे दाखवते, तर ‘एलपीस्टॅट -ओ’ सर्वांची. प्रत्येक ओळीत प्रिंटरचे नाव व क्रमांक यांनी बनलेली कामाची ओळख, पाठवणाऱ्याचे नाव, आकार आणि वेळ असते. कागदाचे शीर्षक हवे असल्यास ‘एलपीक्यू’ वापरावी. दुसऱ्याच्या कामाचे शीर्षक व नाव गोपनीयतेसाठी सहसा झाकलेले असते. ‘एलपीक्यू +5’ असे दिल्यास रांग रिकामी होईपर्यंत दर पाच सेकंदांनी ताजी स्थिती दिसत राहते.

आधी रद्द, मग सुरू

नको असलेले काम ‘कॅन्सल’ या शब्दापुढे त्याची ओळख लिहून काढून टाकता येते. त्यानंतर ‘कप्सइनेबल’ या आज्ञेपुढे प्रिंटरचे नाव देऊन तो सुरू करावा. यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. स्वतःचे काम रद्द करण्यास सहसा लागत नाहीत. नवी कामे नाकारणारी रांग ‘कप्सॲक्सेप्ट’ने खुली होते. प्रिंटर वारंवार थांबत असेल, तर अनेक संगणकांवर ‘व्हार’ फोल्डरातील ‘लॉग’ व त्यातील ‘कप्स’ या फोल्डरात असलेल्या ‘एरर_लॉग’ या नोंदवहीत कारण सापडते.

विंडोजवर

विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून ‘गेट-प्रिंटर’ दिल्यास प्रिंटरांची यादी मिळते. ‘गेट-प्रिंटजॉब -प्रिंटरनेम’ आणि पुढे अवतरणचिन्हांत प्रिंटरचे नाव दिल्यास त्याची रांग दिसते. ‘रिमूव्ह-प्रिंटजॉब’ला त्या नावासोबत ‘-आयडी’ व कामाचा क्रमांक दिला, की ते काम निघते. येथे अक्षरे लहान की मोठी, याने फरक पडत नाही. छपाईची सेवाच अडली असेल, तर प्रशासकाच्या अधिकाराने ‘रिस्टार्ट-सर्व्हिस स्पूलर’ द्यावी. मात्र प्रलंबित कामे डिस्कवर साठवलेली असतात आणि सेवा पुन्हा सुरू होताच ती रांगेत परततात. म्हणून येथेही रद्द करणे आधी आणि सुरू करणे नंतर.

आज्ञांना न दिसणारे

‘आयडल’ हे उत्तर म्हणजे प्रिंटर ठीक असल्याची हमी नव्हे. संगणक आपल्याकडील नोंद सांगतो. शेवटच्या संपर्कानंतर कुणी प्रिंटरची वीज बंद केली असेल, तर ते त्याला पुढचे काम पाठवेपर्यंत कळत नाही. कागद संपणे, शाई सरणे यांसारख्या सूचना प्रिंटरने कळवल्या असतील, तर त्या ‘एलपीस्टॅट -एल -पी’ने दिसू शकतात, त्यात ‘एल’ आधी लिहावा.

रिकामी रांगही फसवी असू शकते. काम संगणकाकडून निघून प्रिंटरच्या स्मृतीत किंवा कार्यालयाच्या मुद्रण सर्व्हरवर पोहोचले, की संगणकाच्या दृष्टीने ते संपलेले असते. मोठ्या लिपीतील डब्ल्यू वापरून ‘एलपीस्टॅट -डब्ल्यू कम्प्लीटेड’ दिल्यास पूर्ण झालेल्या कामांची यादी येते. आपले काम तेथे आहे आणि कागद हाती नाही, तर तो प्रिंटरच्या स्वतःच्या पडद्यावरील यादीत किंवा मुद्रण सर्व्हरवर शोधावा आणि तेथूनच रद्द करावा किंवा करवून घ्यावा. कागद खासगी असेल, तर जागा सोडण्यापूर्वी एवढी खात्री अवश्य करावी.