कांगडी ते शहाणं पांघरूण

मंडळी, शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. लढाया झाल्या, तह झाले, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण ती सगळी माणसं थंडीत झोपत कशी होती, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. आता वय झाल्यावर तोच विषय महत्त्वाचा वाटू लागला आहे! म्हणून आज पांघरुणाचा थोडा इतिहास.

सुरुवात काश्मीरपासून करू. तिथली कांगडी तुम्ही पाहिली असेल. वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि ते फिरनच्या आत पोटाशी धरायचं. अंगावरच्या कपड्यालाच ऊब देण्याची ही जुनी आणि स्वस्त युक्ती. पण १८६६ साली तिथल्या मिशनचे डॉक्टर एल्म्स्ली यांनी लिहून ठेवलं की काश्मिरी लोकांच्या पोटाच्या आणि मांड्यांच्या त्वचेवर एक वेगळाच कर्करोग दिसतो. पुढे श्रीनगरचे डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनीही १९२३ साली त्यावर लेख लिहिला. हा रोग एका दिवसाच्या चटक्याने होत नाही. फोडसुद्धा येणार नाही इतकीच ऊब, पण रोज, वर्षानुवर्षं, त्याच जागी. साहजिकच रोगी बहुतेक उतारवयातले.

युरोपात थोडी वेगळी रीत होती. लांब दांड्याच्या पितळी भांड्यात निखारे घालून ते अंथरुणातून फिरवायचं आणि माणूस आडवा व्हायच्या आधी बाहेर काढायचं. ही काढून घेण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग वीज आली. १९१२ साली सिडनी रसेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी विजेवर तापणारं अंथरूण तयार केलं. त्या काळी क्षयाच्या रोग्यांना मोकळ्या हवेत झोपवत, अगदी कडाक्याच्या थंडीतही. अशा सॅनिटोरियममध्ये या उबेचा उपयोग झाला. म्हणजे ही वस्तू चैनीसाठी नव्हे, आजाऱ्यांसाठी जन्मली. १९३६च्या सुमारास तापमान बघून आपोआप चालू-बंद होणारं ब्लँकेट आलं.

दुसऱ्या महायुद्धात हीच विद्या आकाशात गेली. बॉम्बफेकी विमानं पंचवीस हजार फुटांवर, उणे ४० अंशांत उडत. खिडकीशी बंदूक घेऊन उभ्या असलेल्या पोरांना तारा विणलेले कपडे दिले होते. घड्या पडून पडून तार तुटली की कपडा गार, आणि हातापायांची बोटं हिमदंशाने जात. कपड्यात तार घालणं एक वेळ सोपं. तो कपडा वाकूनही टिकला पाहिजे, हे त्या पोरांच्या बोटांनी शिकवलं.

आता म्हाताऱ्यांकडे वळू. १९७२च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये हजारावर वृद्धांच्या घरी जाऊन त्यांचं तापमान मोजलं गेलं. दर दहातल्या एकाच्या शरीराचं आतलं तापमान सकाळी ३५.५ अंशांच्या खाली होतं. ३५च्या खाली गेलं की जिवाला धोका. पुढे १९८१ साली तिथल्याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खोलीची ऊब कमी-जास्त करण्याचं बटण हातात दिलं, तर तरुण माणसं ती नेमकी जुळवतात, वृद्धांना ते तसं जमत नाही. गारठा आणि ऊब ओळखण्याची जाणच बोथट होते. अंग कापणंही कमी होतं.

दुसऱ्या बाजूला, १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी दाखवून दिलं होतं की ४४ अंशांची ऊबसुद्धा सहा तास एकाच जागी राहिली तर कातडी भाजते. ४४ अंश म्हणजे आपल्या अंघोळीच्या कढत पाण्याहून फार वेगळं नाही. आणि सहा तास म्हणजे एक झोप!

म्हणजे खरा प्रश्न ऊब देण्याचा नाहीच, ती थांबवण्याचा आहे. ज्याला कळत नाही, त्याच्या वतीने पांघरुणाला कळलं पाहिजे. १९८०नंतर अशा तारा आल्या, ज्या तापल्या की स्वतःच वीज कमी घेतात. आता कार्बनचे किंवा चांदीचा मुलामा दिलेले धागे कापडातच विणतात, बॅटरीच्या कमी दाबावर चालवतात, जागोजाग तापमान मोजतात आणि ठरल्या वेळी बंद होतात. यालाच 'स्मार्ट' म्हणतात. आम्ही शहाणं म्हणू.

आमच्या वन्सं ८६ वर्षांच्या. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली. नाशिकची थंडी त्यांना सोसत नाही. भाच्याने टोरांटोहून असंच एक पांघरूण आणलं. वन्सं म्हणाल्या, "अगं, रात्रभर राहू दे, मला काही होत नाही." हे 'काही होत नाही'च तर घाबरवणारं! डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, झोपण्याआधी अर्धा तास अंथरूण तापवा, मग बंद करून प्लग काढा, आणि त्यानंतरच त्यांना झोपवा. पायात लोकरी मोजे, आणि सकाळी तळवे पाहायचे. वन्सं पहिले दोन दिवस कुरकुरल्या, आता सवय झाली आहे.

म्हणजे शेवटी त्या पितळी भांड्याचीच रीत आली, नाही का? कापड कितीही शहाणं झालं तरी संवेदना गेलेल्या पायांसाठी घरातलं कुणीतरी जागं असावं लागतं.

परदेशातल्या माझ्या भाचरांना एवढंच सांगणं. आईवडिलांसाठी असं काही पाठवाल तर आधी त्यांच्या पायांना ऊन-गार कळतं का ते विचारा. घडी घालून त्यावर जड सामान ठेवू नका. दहा वर्षं झाली की बदला, ब्रिटनमध्येही तसाच सल्ला देतात. आणि बंद कसं करायचं ते मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून सोबत ठेवा.