बर्फाचे थर आणि अकोल्याचे दोन जवान

धामणगाव रेल्वेत बर्फ म्हणजे उन्हाळ्यातला गोळा, बस. पण २५ जानेवारी २०१७ ला काश्मीरच्या गुरेझमध्ये हिमस्खलनात जवान गेले, त्यात आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले दोघं होते. म्हणून आज हा विषय.

आपल्याला वाटतं, बर्फ जास्त झाला की कोसळतो. पण खरी गडबड खाली असते. विहीर खोदताना काळी माती, मग मुरूम, मग खडक लागतो ना? बर्फातही तसेच थर असतात, प्रत्येक हिमवर्षावाचा वेगळा. कडक थंडीत तळाचे दाणे जाड साखरेसारखे मोकळे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर ताजा, जड बर्फ बसला आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असला, की अख्खी लादी सुटते.

याचा पद्धतशीर अभ्यास १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये, दावोसजवळ सुरू झाला. आजही मुख्य अवजार फावडंच! खड्डा खणायचा, त्याच्या भिंतीत आधी मूठ दाबून बघायची, मग चार बोटं, एक बोट, पेन्सिल, शेवटी सुरी. कडक थराखाली मूठ सहज घुसली तर सावध.

आपल्याकडे १९६९ मध्ये मनालीत 'सासे' ही संस्था उभी राहिली; २०२० मध्ये ती डीआरडीओच्या 'डीजीआरई'त विलीन झाली. मी कोड लिहिणारा माणूस, सेन्सर म्हटलं की खुश होतो. पण सेन्सर एका जागेचं सांगतो, आणि पलीकडच्या घळीत थर वेगळेच असू शकतात. गुरेझमध्ये त्या दिवशी एक लोंढा छावणीवर आला, दुसरा गस्तीच्या तुकडीवर.