भाडेहक्क आणि क्वीअर कुटुंब (मुंबई)

भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या समलिंगी किंवा पारलिंगी जोडीदाराला त्या खोलीत राहण्याचा कायदेशीर हक्क उरतो का, हा या नोंदीचा विषय. क्वीअर दृष्टीने कायदासुधारणेची जी चर्चा आपल्याकडे झाली, ती बहुतेक कलम ३७७ आणि विवाह या दोन गोष्टींभोवती फिरली. पहिली ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात बरीचशी मिटली. सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. दुसरी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात अडली. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पागडीच्या मुलखात मात्र नात्याची कसोटी लग्नाच्या दाखल्याआधी भाडेपावतीवर लागते. म्हणून इथली सुधारणा विवाहकायद्यापासून नव्हे, घरभाडे कायद्यापासून सुरू व्हायला हवी.

पागडीची खोली म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेली, नाममात्र भाड्याची आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भाडेदारी. तिचा सारा जीव एका कागदाच्या चिठोऱ्यात असतो. नाव, खोली क्रमांक, मजला, महिना, रक्कम, खाली मालकाच्या माणसाची सही. भाडेकरू गेला तरी अनेक चाळींत पावती वर्षानुवर्षे मयताच्याच नावाने फाटत राहते आणि कोणाचे काही अडत नाही. अडते ते इमारत पुनर्विकासाला गेली की. तेव्हा पात्र भाडेकरूंची यादी होते आणि प्रत्येक नावामागचे नाते तपासले जाते. मोल किती, याचा अंदाज बीडीडी चाळींवरून येतो. त्या सरकारी मालकीच्या, त्यामुळे त्यांचे नियम वेगळे. पण तेथे १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर देण्याची योजना आहे. अशा वेळी वीस वर्षे एका छताखाली राहिलेला जोडीदार यादीत ‘पाहुणा’ ठरतो, फार तर ‘पोटभाडेकरू’.

कायदा प्रत्यक्षात काय म्हणतो, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम ७ (१५) नुसार निवासी जागेचा भाडेकरू मरण पावल्यास, त्या वेळी त्याच्याबरोबर राहणारी त्याच्या कुटुंबातील कोणतीही व्यक्ती भाडेकरू ठरते. अशी व्यक्ती नसेल, तरच वारसाचा विचार होतो. एकमत न झाल्यास न्यायालय ठरवते. म्हणजे या कायद्याने रक्ताच्या हक्कापेक्षा सोबत राहण्याला आधीच वरचे स्थान दिले आहे. गावाकडचा पुतण्या वारस असेल, पण खोलीत राहणाऱ्या कुटुंबीयाच्या पुढे तो जाऊ शकत नाही. आणि ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या त्या कलमात दिलेली नाही. दार बंद आहे ते कायद्याच्या अक्षराने नव्हे, वाचण्याच्या सवयीने.

ही सवय इतरत्र मोडली आहे आणि ती मोडली तीही घरभाड्याच्याच खटल्यांत. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ब्राशी खटल्यात भाडेनियंत्रित घरातल्या समलिंगी जोडीदाराला कुटुंबीय मानले. त्या राज्यात समलिंगी विवाह आला २०११ मध्ये. ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने फिट्झपॅट्रिक खटल्यात हेच १९९९ मध्ये मान्य केले, नागरी भागीदारीचा कायदा पाच वर्षांनी झाला. आपल्याकडेही पाया घातला गेला आहे. १६ ऑगस्ट २०२२ च्या दीपिका सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंब क्वीअर नात्यांचेही असू शकते आणि त्याला कायद्याचे संरक्षण हवे, असे म्हटले. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विवाह हा कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नाही, हे स्पष्ट केले.

‘मग मृत्युपत्र करा’ हा सल्ला सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी. वसंत प्रताप पंडित विरुद्ध डॉ. अनंत त्रिंबक सबनीस या १९९४ च्या निकालाने मुंबईच्या भाडे कायद्याखालील भाडेदारी मृत्युपत्राने देता येत नाही, हे पक्के केले. मालकांचा आक्षेप अधिक वजनदार आहे : उद्या कोणीही उठून जोडीदार असल्याचे सांगेल. पण भाचा, सून, मेहुणी यांच्या बाबतीतही लघुवाद न्यायालय हेच तपासत आले आहे. रेशनकार्ड, वीजबिल, शेजाऱ्यांची साक्ष. खोटा भाचा पकडता येतो, तर खोटा जोडीदारही येईल. चाळीची संस्कृती कुटुंबवत्सल असते, हा आक्षेप तर इतिहासालाच धरून नाही. गिरणगावात कोकणातून आलेले गिरणी कामगार दहा-वीसच्या संख्येने एका खोलीत राहत आणि खाणावळीत जेवत. नवरा-बायको-मुले हा तेथला एकमेव साचा कधीच नव्हता.

उरतो तो क्वीअर चळवळीतलाच आक्षेप. १९९५ मध्ये मुंबईत ‘स्त्री संगम’ म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे ‘लेबिया’ नावाने ओळखल्या गेलेल्या गटासारख्या क्वीअर-स्त्रीवाद्यांनी सारे हक्क विवाहाच्या खुंटीला टांगण्यास विरोध केला आहे. मग ‘कुटुंबा’चीच मागणी करणे ही तीच चाकोरी नव्हे का? विवाहाबाबत हा आक्षेप खरा आहे. भाडेहक्काला तो लागत नाही. हे कलम दाखला मागत नाही, मुक्काम विचारते. एकत्र म्हातारपण काढणाऱ्या दोन मैत्रिणींनाही ते उपयोगी पडावे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये रेशनकार्ड आणि संयुक्त बँकखात्यांबाबत क्वीअर जोडीदारांच्या बाजूने सूचना दिल्या. पुरावा उभा करायला त्या कामी येतात, हक्क मात्र त्यातून मिळत नाही.

२००८ मध्ये ‘क्वीअर आझादी’ची मिरवणूक ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे निघाली, ती याच चाळींच्या वस्तीतून. घरभाडे कायदा संसदेचा नाही, महाराष्ट्र विधिमंडळाचा आहे. कलम ७ मध्ये ‘कुटुंब’ या शब्दाला एक स्पष्टीकरण जोडण्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. विधानभवन नरिमन पॉइंटला आहे.