पंडिता रमाबाई आणि आज्ञापालनाचा प्रश्न

ईश्वराची आज्ञा पाळणारास व त्याची सेवा करणारास आशीर्वाद लाभतो, हे ख्रिस्ती धर्माचे एक मूलभूत वचन होय. जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात अशा आशीर्वादांची यादीच दिलेली आहे. तीत संतती, शेत, गुरेढोरे, एवढेच नव्हे तर टोपली आणि पीठ मळण्याची काथवटही येते. नव्या करारातील डोंगरावरील प्रवचनात मात्र धन्य म्हटले आहे ते दीनांस व शोक करणारांस. दोन्ही ठिकाणी एक प्रश्न उरतोच : आज्ञा ईश्वराची कोणती, आणि ती सांगावयास आलेल्या माणसाची कोणती? पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) चरित्रात हा प्रश्न जितक्या तीव्रतेने उभा राहिला तितका त्या काळच्या महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच राहिला असेल.

रमाबाईंवर लिहिणारांत स्थूलमानाने दोन पक्ष आहेत. एकास त्यांच्या ठायी प्रभूची आज्ञाधारक सेविका दिसते, तर दुसऱ्यास सर्व सत्तांस आव्हान देणारी बंडखोर स्त्री. ही विभागणी आम्हांस ग्राह्य वाटत नाही. आज्ञापालनाच्या बाबतीत रमाबाईंचा अनुभव बाप्तिस्म्याच्या पुष्कळ आधीचा होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडणारे विद्वान. व्रते, दाने, देवदर्शने, जे जे शास्त्राने सांगितले ते ते या कुटुंबाने केले. आणि अखेर दुष्काळात आईवडील अन्नान्नदशेने गेले. 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी हा वृत्तांत फारसा अलंकार न चढविता सांगितला आहे. आज्ञा पाळूनही आशीर्वाद आला नाही, हे ज्या मुलीने पाहिले ती पुढे कोणाही धर्माधिकाऱ्याच्या शब्दावर विसंबणे कठीणच होते.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघात राहिल्या. तेथील भगिनींनी त्यांस लंडनमधील फुलहॅम येथील आश्रम दाखविला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा तेथे चाले. अशा स्त्रियांस दंड करण्याऐवजी त्यांची सेवा करावी, असे सांगणारा धर्म कोणता, हा विचार त्यांच्या मनात तेथून सुरू झाला. त्या आज्ञेपेक्षा सेवेच्या मार्गाने ख्रिस्ताकडे आल्या, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

लगेच कलह सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धांत व अथनेशियसचा मतांगीकार त्यांस पटेना. चेल्टनहॅम येथे पुरुषांस शिकविण्याचा प्रश्न निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. त्यावर रमाबाईंनी सडेतोड निषेध नोंदविला. क्रुसावरील लॅटिन अक्षरांविषयीही वाद झाला. शब्द हवेच असतील तर ते आपल्या देशाच्या संस्कृत भाषेत असावेत, असा त्यांचा आग्रह होता. गुरुमाता भगिनी जेराल्डिन वारंवार नम्रतेचा उपदेश करीत. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच झुगारल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, या आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले. ईश्वराच्या आज्ञेविषयी मात्र त्यांनी कोठेही शंका घेतलेली नाही. मनुष्यापेक्षा ईश्वराची आज्ञा मानली पाहिजे हे प्रेषितांच्या कृत्यांतील पेत्राचे म्हणणेच त्या पेत्राच्या वारसांपुढे ठेवीत होत्या.

येथे साधनांविषयी एक सूचना आवश्यक आहे. हा पत्रव्यवहार प्रथम संकलित केला तो जेराल्डिन यांनीच, आणि 1977 साली अ. भि. शहा यांच्या संपादनाने तो प्रकाशित झाला. ज्या व्यक्तीची आज्ञा मोडली गेली तिच्याच हाताची ही मांडणी आहे. संशोधकाने हे विसरू नये.

पुढील वृत्त सुपरिचित आहे : 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन, पुण्यास स्थलांतर, आणि 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांचे राजीनामे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपणांस खऱ्या अर्थाने ख्रिस्त लाभला, असे रमाबाई स्वतः लिहितात. म्हणजे संस्कार विधिपूर्वक होऊनही आशीर्वादाचा अनुभव यावयास एवढा काळ जावा लागला.

1896–97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणून केडगावच्या शेतजमिनीवर वसविल्या. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तिसदनाची लोकसंख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, माग, छापखाना असा तो संसार होता. 'अनुवादा'तील शेत आणि काथवट येथे पुन्हा भेटतात. पण आशीर्वादाचा अर्थ बदललेला आहे. रमाबाईंच्या लेखी तो आज्ञापालनाचे वेतन नसून आणखी माणसांस जेवू घालण्याची जबाबदारी होती, असे आम्हांस वाटते. फुलहॅमची आठवण कृपासदनाच्या रूपाने केडगावात उभी राहिली. राज्यकर्त्यांची भीडही त्यांनी ठेवली नाही : 1897 मध्ये प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी आबाळ झाली तिच्याविषयी त्यांनी वृत्तपत्रातून सरकारवर जाहीर टीका केली.

तथापि एक अडचण टाळता येत नाही. दुष्काळातून आलेल्या मुलीपुढे अन्न आणि प्रार्थना एकाच ताटात आली. तिचे आज्ञापालन कितपत स्वेच्छेचे होते? ज्या बाईंनी स्वतः मठाधिपतींची शिस्त नाकारली त्यांच्याच आश्रमात घंटेवर चालणारी शिस्त होती. मुलींच्या साक्षी मिशनच्या प्रकाशनांतूनच आपल्यापर्यंत येतात, आणि त्या आभाराच्या भाषेत आहेत. जेराल्डिन यांच्या संकलनाकडे जितक्या सावधपणे पाहावयाचे तितक्याच सावधपणे केडगावच्या वार्तापत्रांकडेही पाहिले पाहिजे.

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास दिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. अल्पशिक्षित बायकांस कळेल अशी भाषा त्यांनी योजिली, आणि आश्रमातील स्त्रियांनी खिळे जुळविले. मनोरमाबाई 1921 मध्ये वारल्या. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.