ताट रिकामं जाऊ नये: तंगीच्या वर्षांतला गोव्याचा नाताळ

मंडळाच्या गेल्या बैठकीत गोव्याच्या नाताळावर बोलणं निघालं, पण बेबिंका, वाईन आणि रोषणाई यांच्या पलीकडे चर्चा काही सरकेना. मी एवढंच म्हटलं, की लहानपणी मी जो नाताळ शेजारी पाहिला त्यात बेबिंका फार क्वचित होती. "मग होतं काय?" असं कुणीतरी विचारलं. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहून काढलं.

आमचं घर तिसवाडीत, बांबोळीच्या पठाराखालच्या एका गावात. शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब. त्या घरातल्या आजीला तिची नातवंडं 'शामाय' म्हणत, म्हणून आम्हीही शामायच म्हणायचो. शामायचं घर मुंडकाराचं होतं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत, त्याच्या परवानगीने बांधलेलं. एक शेत खंडाने केलेलं, एक मुलगा मुंबईला, एक जावई पणजीला पोर्तुगीज सरकारी कचेरीत कारकून. उपाशी राहणारं घर नव्हे, पण रोकड हातात क्वचित दिसणारं. १९८० च्या दशकात मी तिच्याजवळ बसून बऱ्याच गोष्टी टिपून घेतल्या. ती गेल्यावर तिच्या नातीने मला एक वही दाखवली. शाळेच्या वहीची चार पानं सुईदोऱ्याने टाचलेली, रोमी लिपीतली कोंकणी. त्यात हिशेब असेल असं मला वाटलं होतं, पण किंमत म्हणून एकही आकडा नव्हता. होती ती घरांची यादी. 'रेंदेराचें', 'बांयकडलें', 'भाटकाराचें' अशी सतरा घरं आणि पुढे दर वर्षासाठी एक उभा रकाना. ताट पोचलं की खूण.

नाताळाला घरोघरी गोडधोड पाठवायच्या या प्रथेला गोव्यात 'कोन्सुआद' म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. इकडे येऊन तो शब्द ताटातल्या गोडाला चिकटला. जेवण मागे पडून वाटप पुढे आलं, यात मला नवल वाटत नाही. आपल्याकडे चवथीच्या नेवऱ्या आणि दिवाळीचे पोहे शेजारी जातातच, ही रीत धर्म बदलला म्हणून सुटलेली नाही.

आता ताटात काय असायचं ते पाहू. माझा मुद्दा असा, की हे ताट वाचता आलं तर त्या वर्षी घरात पैसा किती होता ते कळतं.

गोव्यात गहू पिकत नाही. त्या काळी साखरही बाहेरूनच यायची. म्हणजे मैदा, रवा, साखर हे सगळं रोख पैशाचं. उलट भात घरचं, कारण कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि नाताळाला कणगी भरलेली असते. गूळ माडाचा, तो रेंदेराकडून तांदळाच्या बदल्यात मिळायचा. उरला नारळ. वाचकांपैकी अनेकांना वाटेल की गोव्यात नारळाला काय तोटा! पण मुंडकाराच्या दारातला माड भाटकाराचा. शामायच्या घराने बागेची राखण करायची आणि पाडा झाला, म्हणजे पाडेलीने नारळ उतरवले, की त्यातले थोडे वाट्याला यायचे. दर पाड्यातले चार-पाच नारळ ती पलंगाखाली लोटून ठेवायची. "नाताळ सप्टेंबरांत सुरू जाता," असं ती म्हणायची ते याच अर्थाने.

तेव्हा तंगीच्या वर्षी ताटातून पदार्थ एका ठरावीक क्रमाने गळत. सगळ्यात आधी बेबिंका. डझनांनी अंड्यांचे बलक, साखर, तूप आणि नारळाचं दाट दूध. त्यावर एकेक थर सोडणांच्या निखाऱ्यावर, वरून आच देऊन भाजायचा. तिच्यापाठोपाठ बोलिन्ह आणि बातिक, कारण दोन्हींना रवा आणि साखर दोन्ही लागतं. मग नेवऱ्या आणि कुलकुलं कमी व्हायची, पण बंद नाही. कुलकुलांत पीठ थोडं आणि हात पुष्कळ लागतात. काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर कणकेची गोळी दाबून गुंडाळायची. घरातली पोरं, शेजारची पोरं, सगळी बसायची. आम्हीही बसलोय.

शेवटपर्यंत टिकणारे पदार्थ दोन. दोदोल आणि पिनाग. दोदोल म्हणजे तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ, तांब्याच्या काहिलीत घोटत राहायचं. घोटणं थांबलं की खाली लागतं. एका बाईचं ते काम नव्हे, म्हणून वाड्यावरच्या बाया पाळीपाळीने यायच्या. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. मजुरी कुणी कुणाला दिली नाही. पिनाग त्याहून साधं: उकडे तांदूळ भाजून दळायचे, खोबरं आणि गूळ घालून वळायचं. आजच्या दुकानांतल्या नाताळाच्या खोक्यात ते शोधावं लागतं. गरिबाचं म्हणून मागे पडलं असावं, असा माझा अंदाज.

जेवणाचंही असंच. सोरपोतेल हा आज हॉटेलातला मानाचा पदार्थ आहे, पण मुळात तो डुकराच्या काळीज-यकृतासकट काहीही वाया न घालवणारा. डुक्कर घरच्या उष्ट्या-खरकट्यावर वाढवलेलं. सोरपोतेल दिवसेंदिवस टिकतं, उलट मुरल्यावर बरं लागतं म्हणतात. आमच्या घरी ते येत नसे, त्यामुळे चवीबद्दल मी बोलत नाही.

नक्षत्राचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि चिकटवायला भाताची पेज, एवढ्यात नक्षत्र व्हायचं. आत पणती. दिवाळीचा आमचा आकाशकंदील उतरवला की त्याच्या काड्या मी शामायच्या नातवाला द्यायचो, तो त्याच मोडून-जोडून नक्षत्र करायचा. म्हणजे आमची दिवाळी संपली की सांगाडा कुंपण ओलांडून पलीकडे. गोठ्यासाठी, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठी, करवंटीत नाचणी पेरून ठेवायची. नाताळापर्यंत हिरवंगार गवत तयार. पैसा लागायचा तो कपड्यांना, आणि तिथे थोरल्याचं धाकट्याला हा नियम होता.

रोकड येण्याची वाट एकच, मुंबई. तिचा मुलगा बोटीवर खलाशी होता. दोन सफरींच्या मध्ये तो धोबीतलावला गावच्या 'कुडा'त राहायचा. कुड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत चालवलेली खोली. अगदी कमी पैशांत राहायला मिळायचं, कोपऱ्यात देव्हारा, भिंतीशी पेट्या. काम मिळालं तर मनिऑर्डर, नाही तर नाही. अशा मनिऑर्डरींवर गोव्यातली किती घरं चालत याचा विचार आपण राजकीय इतिहास लिहिताना फारसा करत नाही.

१५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहावर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने गोव्याशी संबंध तोडले, कॅसलरॉकची रेल्वे थांबली, मालाच्या वाहतुकीवर आणि मुंबईहून पैसे पाठवण्यावर बंधनं आली. आपल्या मंडळाच्या लेखांत या नाकेबंदीचा उल्लेख मुक्तिलढ्याचा एक टप्पा म्हणून येतो, आणि तो तसा आहेच. पण शामायसाठी त्या डिसेंबरचा अर्थ इतकाच, की पोस्टमन आला नाही. गंमत अशी, की पोर्तुगीजांनी बाहेरून माल आणून बाजार सांभाळला. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा आठवणारी माणसं अजून आहेत. पुढे खाणींचा पैसा आला तसे काहींचे दिवस बरेही गेले. शामायच्या शब्दांत, दुकान भरलेलं आणि पोटली रिकामी.

त्या वर्षी घरात मैदा आला नाही. नेवऱ्यांची पारी तिने तांदळाच्या पिठाची करून पाहिली, ती तळताना फुटली, मग नाद सोडला. दोदोल आणि पिनाग, बस्स. मी वहीतला १९५५ चा रकाना पाहिला तेव्हा वाटलं होतं घरं कमी दिसतील. सतराच्या सतरा खुणा आहेत. ताटाऐवजी बशी गेली असेल, पण गेली.

वहीत काही घरांपुढे खुणेबरोबर एक छोटा क्रूस आहे. ती त्या वर्षी सुतक असलेली घरं. दुखवट्याच्या घरात नाताळाचं गोड करत नाहीत, त्यांच्याकडे शेजाऱ्यांकडूनच जातं. आपल्याकडेही असंच चालतं. त्या घराकडून उलट काही येणार नाही हे ठाऊक असतानाही त्यांची बशी मोठी असायची, असं तिने मला सांगितलं.

यादीत आमचं घरही आहे, नववं. इथे मला माझी एक जुनी तक्रार नोंदवली पाहिजे. भाटकाराच्या घरी गेलेल्या ताटात एका बऱ्या वर्षी मी बेबिंका पाहिली होती. आमच्याकडे मात्र कायम तेच तपकिरी दोदोल आणि पिनाग. मला वाटायचं, शामाय आम्हाला स्वस्तातलं देते. मनात धरून बसलो होतो मी ते, कितीतरी वर्षं. आमची आजी त्या ताटातलं काही खात नसे. तोंडावर नको म्हणायची नाही, पण मागच्या दाराने कामकऱ्यांना द्यायची. हे चांगलं नव्हतं, पण होतं ते असं. वयाची तिशी उलटल्यावर एकदा मी शामायला चेष्टेत बेबिंकेबद्दल विचारलं. ती म्हणाली, तुझी आजी अंडं खात नाही, मग अंड्याचं कसं पाठवणार? ताट मागच्या दाराने जातं हेही तिला ठाऊक होतं. तरी अंड्याचं नसलेलंच पाठवायची.

१९६१ चा नाताळ मला स्वतःला आठवतो, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. १८ डिसेंबरला भारतीय विमानांनी बांबोळीचं नभोवाणी केंद्र उडवलं, तो आवाज आमच्या कौलांवरून गेला. शामायच्या परसात त्या वेळी काहील चुलीवर होती. बाया पळाल्या, दोदोल खाली लागलं. पोर्तुगीजांनी माघार घेताना बाणस्तारीचा पूल उडवला, त्यामुळे फोंड्याकडची वाट तुटली. १९ तारखेला सगळं संपलं. आमचा काका आग्वादच्या तुरुंगातून सुटून घरी आला. आमच्याकडे पेढे, माणसांची रीघ. कुंपणापलीकडे गप्प. जावयाची कचेरी बंद, डिसेंबरचा पगार कोण देणार ठाऊक नाही, घरातले एस्कुदो उद्या चालतील की नाही तेही ठाऊक नाही. नाताळ सहा दिवसांवर.

यंदा ताट येणार नाही, असं वडील म्हणाले. पंचवीसला सकाळी शामायची नात आली, क्रोशाच्या रुमालाखाली बशी घेऊन. दोदोलाच्या वड्यांना करपल्याचा वास होता. वरचा भाग वाचवून तिने थापला होता. काकाने उभ्याउभ्या दोन वड्या खाल्ल्या, आजीच्या देखत. आजी काही बोलली नाही.

आलेली बशी रिकामी परत करायची नसते, म्हणून आई दर वर्षी तिच्यात चिमूटभर साखर घालायची. त्या दिवशी पेढ्यांसाठी आणलेली साखर घरात होती. आईने बशी काठोकाठ भरली आणि नातीला म्हणाली, "सांडू नको, सांभाळून ने." दुसऱ्या दिवशी पोरांच्या हातात कुलकुलं दिसली.

नंतरची वर्षं रेशनच्या रांगेतली. साखर कार्डावर मिळायची. आमच्या कार्डावरची थोडी नाताळात तिकडे आणि तिची थोडी चवथीला इकडे, असा व्यवहार आई आणि शामाय यांच्यात बरीच वर्षं चालला, मला वाटतं कायद्यात न बसणारा. १९७० च्या दशकात धारबांदोड्याला संजीवनी कारखाना सुरू झाला, म्हणजे साखर गोव्यातच होऊ लागली. १९७५ चा मुंडकार कायदा आल्यावर घरावरून हुसकावण्याची भीती गेली. एक नातू आखातात गेला आणि त्याच्या पहिल्याच नाताळाला बेबिंका झाली. आमच्याकडे दोदोल आलं.

वहीतला शेवटचा रकाना १९८७ चा. अक्षर नातीचं आहे. सतराव्या ओळीखाली तिने एक घर वाढवलंय: 'बांबोळ्ळें, नवें बिऱ्हाड'. नात म्हणते, ते कर्नाटकातून आलेलं गवंड्याचं कुटुंब होतं, वर्षभरात निघून गेलं. खूण मात्र आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी यादी असेल, कोंकणीत, पोर्तुगीजमध्ये किंवा मोडीतसुद्धा, तर मंडळाला जरूर कळवा. किंमतींच्या वह्या पुष्कळ जमल्या आहेत. घरांची अशी वही माझ्या पाहण्यात ही एकच.