मोटारीच्या काचेवरील बर्फ

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरी हिम पडत नाही. तथापि शहराबाहेर शेंद्रा येथे 2001 साली ज्या स्कोडा मोटारी जोडण्यास प्रारंभ झाला, त्यांचे मूळ घर चेक देशातील म्लादा बोलेस्लाव होय. त्या थंड मुलखात या कंपनीच्या अनेक मोटारींत पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआड एक लहानशी खरवडणी ठेवलेली असते. पहाटे काचेवर जमलेले बर्फ तिने खरवडावयाचे आणि मगच निघावयाचे. शेजारच्या जर्मनीत तर काचेवर डोळ्यापुरते भोक करून मोटार हाकणारास दंड होतो.

महाराष्ट्रास या गोष्टीचा अनुभव अल्प आहे. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात कधी कधी मोटारींच्या टपांवर दव गोठते. निरभ्र रात्री पत्रा व काच आपली उष्णता आकाशाकडे टाकीत भोवतालच्या हवेहून थंड होतात. म्हणून हवा गोठणबिंदूच्या किंचित वर असताही तेथे हिमकण दिसतात. प्रवासी ते ओंजळीत घेतात, मौज करतात आणि घरी परततात.

न्यूयॉर्कच्या ट्रामचालकास मात्र ही मौज नव्हती. 1902-03 च्या हिवाळ्यात अलाबामा प्रांतातील मेरी अँडरसन नामक बाई त्या शहरी आल्या होत्या. समोरचे दिसावे म्हणून चालक काच उघडी ठेवी आणि हिममिश्रित पाऊस सरळ आत शिरे. हे पाहून त्यांनी एक साधी युक्ती योजिली : बाहेर रबराची पट्टी, आत तरफ, चालकाने बसल्या जागी तरफ ओढावी व काच स्वच्छ व्हावी. 10 नोव्हेंबर 1903 रोजी त्यांस 743801 क्रमांकाचे पेटंट मिळाले. 1905 साली कॅनडातील एका पेढीने या वस्तूस व्यापारी मोल नाही असे कळविले. पेढीस हसणे सोपे आहे. परंतु त्या काळी मोटारी होत्या किती? फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' निघाली तीच मुळी 1908 साली. सतरा वर्षांची मुदत 1920 मध्ये संपली आणि पुढे वायपर घरोघरच्या मोटारीस लागला, तो बाईंच्या पदरी एक छदामही न पडता. 1953 साली त्या वारल्या; अमेरिकेतील संशोधकांच्या राष्ट्रीय मानमालिकेत त्यांचे नाव गेले ते 2011 साली. हिमासाठी जन्मलेले हे साधन जालना रस्त्यावर आषाढसरींत आज अखंड हलत असते.

परंतु वायपर काच पुसतो, टप पुसत नाही. ब्रेक दाबताच टपावरील हिम घसरून पुढल्या काचेवर येते. वेगात असता त्याच्या लाद्या उडून मागील वाहनावर आदळतात. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर प्रांतात 1996 साली एका मालमोटारीवरून असे बर्फ उडाले आणि त्यातून घडलेल्या अपघातात वीस वर्षांची एक तरुणी प्राणास मुकली. टपावरील बर्फ काढल्यावाचून निघणारास जाब विचारणारा तेथील कायदा लोक तिच्याच नावाने ओळखतात.