अंगणात कोंबड्यांचं खुराडं कसं बांधतात?

घणसोली गाव मूळचं आगरी-कोळ्यांचं. आता गावठाणात घरं दाटीची, अंगणं छोटी. त्यामुळे खुराडं बांधताना आधी जागेचा हिशेब करावा. एका कोंबडीला आत किमान २ चौरस फूट जागा हवी, म्हणजे पाच कोंबड्यांना १० चौरस फूट.

पावसाचं पाणी शिरू नये म्हणून तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवावा, छपराला उतार द्यावा. मुंगूस आणि घुशींसाठी अर्ध्या इंचाची मजबूत वेल्डेड जाळी लागते. आत पसरलेलं भाताचं तूस ओलं झालं की बदलावं.

मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची लस चुकवू नये. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून कोंबड्या अचानक मरू लागल्या तर त्या उघड्यावर न टाकता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.